मॅक्ग्रेगर : एका निषिद्ध आडनांवाचा इतिहास



माणसाच्या मालकीच्या ज्या कांहीं गोष्टी असतात, त्यांत आडनांवाइतकी बिनखर्चाची गोष्ट दुसरी नसेल. तें विकत घ्यावें लागत नाहीं, कुलपांत ठेवावें लागत नाहीं, आणि चोरीला जाण्याचें भय तर मुळींच नसतें. जन्माबरोबर तें मिळतें व मृत्यूनंतरहि मुलाबाळांच्या रूपानें मागें राहतें, अशी आपली सर्वांची समजूत. परंतु ब्रिटनमध्यें एक आडनांव असें आहे कीं, तें धारण करणें हा एके काळीं देहान्त शिक्षेचा अपराध होता. तें आडनांव म्हणजे मॅक्ग्रेगर. इ. स. १६०३ पासून १७७४ पर्यंत, मधलीं बत्तीस वर्षें वगळलीं तर, स्कॉटलंडच्या कायद्यानें हें नांव पुसून टाकलेलें होतें. आणि तरीहि आज कॅनडापासून ऑस्ट्रेलियापर्यंत मॅक्ग्रेगर मंडळी सुखानें नांदत आहेत. पुसलेलें नांव टिकलें कसें, तें कोठकोठें गेलें, आणि या सर्व प्रवासावरून आडनांव या वस्तूविषयीं आपण काय समजावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागांतील डोंगराळ मुलखास हायलँड्स म्हणतात. तेथील जुनी भाषा गेलिक. त्या भाषेंत 'मॅक' म्हणजे मुलगा. 'ग्रेगर' हें ग्रेगरी या ख्रिस्ती नांवाचें गेलिक रूप असून त्याचें मूळ ग्रीक भाषेंत आहे. अर्थ 'जागा असलेला', 'सावध'. या नांवाचे अनेक पोप होऊन गेल्यामुळें तें युरोपभर पसरलें. तेव्हां मॅक्ग्रेगर म्हणजे सावधाचा पुत्र. आपल्याकडे 'कर' हा प्रत्यय गांव सांगतो, 'कुळकर्णी' हुद्दा सांगतें. हें आडनांव बाप सांगतें.

या कुळाचें बोधवाक्य 'आमचा वंश राजाचा आहे' अशा अर्थाचें असून, नवव्या शतकांतील आल्पिन राजापर्यंत आपली परंपरा पोंचते असें तें कुळ मानतें. इतिहासाचें पाऊल मात्र जमिनीला टेकतें तें चौदाव्या शतकांत. ग्लेनॉर्की येथील ग्रेगरचा मुलगा जॉन हा इ. स. १३९० मध्यें वारला, अशी नोंद आहे. गेलिक लोक त्याला 'इयन काम', म्हणजे एकाक्ष इयन, म्हणत. ग्लेन म्हणजे खोरें. आर्गाइल प्रांतांतील ऑ सरोवराच्या माथ्याजवळचीं ग्लेनॉर्की व ग्लेनस्ट्रे हीं खोरीं या लोकांचें मूलस्थान होय. तेथून ते पूर्वेकडे पर्थशायरमध्यें पसरले. हे निव्वळ धाडशी गुराखी होते असें मात्र कोणीं समजूं नये. फॉर्टिंगॉल गांवचा जेम्स मॅक्ग्रेगर हा लिझमोर येथील धर्मपीठाचा डीन होता. त्यानें व त्याच्या भावानें १५१२ ते १५४२ या काळांत गेलिक कवितांचा जो हस्तलिखित संग्रह केला, तो त्या भाषेचें एक अमोल धन समजला जातो.

असें असतां या कुळावर एवढें संकट कां यावें? याचें उत्तर जमिनींत आहे. मॅक्ग्रेगर लोक ज्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्या खोऱ्यांच्या सनदा कँबेल नांवाच्या प्रबळ घराण्याच्या हातीं गेल्या. १४३२ मध्यें कॉलिन कँबेल हा ग्लेनॉर्कीचा स्वामी झाला. एकीकडे वहिवाट, दुसरीकडे शिक्कामोर्तब झालेला कागद, असा हा झगडा होता. आणि राज्यव्यवस्था जसजशी बळकट होते, तसतसा अशा झगड्यांत कागद जिंकतो. कांहीं काळ मॅक्ग्रेगर हे कँबेलांचे आश्रित म्हणून नांदले. पण पुढें बिनसलें, आणि ज्याच्याजवळ जमीन नाहीं पण तलवार आहे अशा माणसाला जो मार उरतो, तो त्यांनीं पत्करला. ते दुसऱ्यांचीं गुरें हांकून नेऊं लागले.

या वैराची एक कोमल बाजूहि आहे. ग्लेनस्ट्रेचा नायक ग्रेगर रॉय याची पत्नी मेरियन ही कँबेल घराण्यांतलीच मुलगी. इ. स. १५७० च्या एप्रिल महिन्यांत ग्लेनॉर्कीच्या कँबेलानें ग्रेगर रॉय याचा शिरच्छेद करविला. मेरियननें तान्ह्या मुलाला थोपटतांना पतीसाठीं केलेला विलाप गेलिक भाषेंत अजून गाइला जातो. पाळणा आणि शोकगीत एकाच सुरांत गुंफलेलें असें हें गीत आहे. त्यांत ती शाप देते तो आपल्याच माहेरच्या मंडळींना.

तिचा पुत्र अलस्टर हा पुढें कुळाचा नायक झाला. त्याच्या कारकीर्दींत, १६०३ च्या फेब्रुवारींत, लोमंड सरोवराच्या पश्चिमेस ग्लेन फ्रुइन येथें मॅक्ग्रेगर व कहून या दोन कुळांची लढाई झाली. कहून पक्षाची बरीच माणसें मारलीं गेलीं व शेंकडों गुरें लुटलीं गेलीं. राजा सहावा जेम्स याच्या कानीं ही वार्ता गेली ती अत्यंत नाजूक वेळीं. २४ मार्च रोजीं इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि तिचा मुकुट जेम्सकडे आला. नव्या राज्याकडे जाण्यापूर्वीं मागील घर झाडून काढावें, असें त्याला वाटलें असल्यास नवल नाहीं. ३ एप्रिल रोजीं प्रिव्ही कौन्सिलनें हुकूम काढला कीं, मॅक्ग्रेगर हें नांव नष्ट करण्यांत येत आहे. जो कोणी तें टाकणार नाहीं, तो प्राणास मुकेल. यानंतर दोनच दिवसांनीं राजानें लंडनचा रस्ता धरला.

या हुकुमाचें वैशिष्ट्य लक्षांत घ्या. गुन्हेगारांना शिक्षा करणें ही सर्वत्र चालणारी गोष्ट. येथें शिक्षा झाली ती नांवाला. ज्यानें लढाई पाहिलीहि नाहीं असा शेतकरी, ज्याला बोलतांहि येत नाहीं असें मूल, सर्व एका शब्दामुळें अपराधी ठरले.

अलस्टरला पकडण्याचें काम आर्गाइलच्या अर्लनें केलें. तो स्वतः कँबेल कुळाचा प्रमुख. तुला सुरक्षितपणें इंग्लंडच्या भूमीवर पोंचवतों, असें त्यानें वचन दिलें आणि तें अक्षरशः पाळलें. त्याला सरहद्दीपलीकडे नेऊन इंग्लंडच्या मातीवर उभें केलें, व लगेच मागें फिरवून एडिंबरोला आणलें. २० जानेवारी १६०४ रोजीं तेथील बाजारचौकांत अलस्टर व त्याचे सोबती फांसावर चढविले गेले. मरणापूर्वीच्या जबानींत, मला या दंग्यांची चिथावणी आर्गाइलनेंच दिली, असें अलस्टरनें सांगितलें. ती जबानी आजहि उपलब्ध आहे.

पुढील तीस वर्षांत बंदीचे कायदे अधिकाधिक बारीक होत गेले. १६१३ मध्यें ठरलें कीं, पूर्वींच्या मॅक्ग्रेगरांपैकीं चौघांहून अधिकांनीं एकत्र जमूं नये, आणि जेवतांना मांस कापण्यासाठीं लागणाऱ्या बोथट टोंकाच्या सुरीखेरीज कोणतेंहि हत्यार जवळ बाळगूं नये. १६३३ च्या कायद्यानें धर्मोपदेशकांना ताकीद दिली कीं, कोणत्याहि मुलग्याचें ग्रेगर हें नांव ठेवूं नये. आणि लेखनिकांना ताकीद दिली कीं, त्या नांवानें कोणताहि दस्तऐवज करूं नये. बारशापासून खरेदीखतापर्यंत नांवाची वाट अडविण्याचा हा प्रयत्न होता.

आतां प्रश्न असा कीं, हे हजारों लोक गेले कोठें? कांहीं मारले गेले, कांहीं रानोमाळ झाले. पण बहुतेक आपल्याच गांवांत राहिले आणि त्यांनीं नांव बदललें. नवें नांव निवडण्याचीहि एक रीत पडली. सरकारपुढें ज्याला जामीन मिळे, तो जगे. आणि जामीन राहणार तो बहुधा जमीनदार. म्हणून ज्याच्या जमिनीवर राहावयाचें, त्याचें आडनांव घ्यावयाचें. अशा रीतीनें कोणी ड्रमंड झाले, कोणी मरे, ग्रँट, स्ट्यूअर्ट, ग्रॅहॅम झाले. आणि दैवाचा खेळ असा कीं, कित्येक चक्क कँबेल झाले.

तरीहि जुनें नांव मेलें नाहीं. याचें एक कारण फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हायलँड्समध्यें रोजच्या व्यवहारांत आडनांवाचा उपयोगच थोडा. शेजारी एकमेकांना ओळखीत ते बापाच्या नांवानें, केसांच्या रंगानें, अंगाच्या एखाद्या खुणेनें, किंवा राहत्या खोऱ्याच्या नांवानें. एकाक्ष इयन, तांबडा ग्रेगर, हीं त्यांचीं खरीं चालतीं नांवें. आडनांव लागे तें कचेरींत, आणि कचेरीची भाषा निराळी. सरकारनें कागदावरचें नांव खोडलें. चुलीपाशीं गेलिकमधून बोललें जाणारें नांव त्याच्या हाताबाहेर राहिलें.

दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर, मॅक्ग्रेगरांनीं राजपक्षाची बाजू घेतली होती हें स्मरून, १६६१ मध्यें बंदी उठविण्यांत आली. पण तिसऱ्या विल्यमच्या अमदानींत, १६९३ सालीं, ती पुन्हां लागू झाली. या दुसऱ्या बंदीखालीं जगलेला सर्वांत प्रसिद्ध मॅक्ग्रेगर म्हणजे रॉब रॉय. १६७१ मध्यें कॅट्रिन सरोवराच्या माथ्याशीं ग्लेनगाइल येथें तो जन्मला. रॉय म्हणजे तांबड्या केसांचा. त्याचा धंदा गुरांच्या व्यापाराचा. बंदी परत आली तेव्हां त्यानें आईच्या माहेरचें आडनांव घेतलें, आणि तें होतें कँबेल. पुढें माँट्रोझच्या ड्यूकशीं कर्जाच्या प्रकरणावरून त्याचें वैर जुंपलें, जमीन गेली, व तो दरोडेखोर म्हणून गाजला. २८ डिसेंबर १७३४ रोजीं तो आपल्या घरींच वारला. सर वॉल्टर स्कॉटनें १८१७ मध्यें त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि त्याचें नांव जगभर झालें. ज्या माणसाला आपलें आडनांव कागदावर लिहितां येत नव्हतें, तो त्याच आडनांवाचा सर्वांत मोठा कीर्तिस्तंभ ठरला.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. बंदीमुळें मॅक्ग्रेगरांनीं ग्रेगरी, ग्रेग अशीं जवळचीं नांवेंहि घेतलीं. म्हणून ग्रेगरी किंवा ग्रेग दिसला कीं त्याला मॅक्ग्रेगर समजण्याचा मोह होतो. ॲबर्डीनच्या ज्या ग्रेगरी घराण्यांत १६६३ मध्यें परावर्ती दुर्बिणीची रचना सांगणारा गणिती जेम्स ग्रेगरी झाला, तें घराणें आपलें मूळ याच कुळांत असल्याचें सांगे. परंतु ग्रेगरी हें नांव ख्रिस्ती जगांत सार्वत्रिक असल्यामुळें, ग्रेगर नांवाचा बाप असलेलीं परस्परांशीं काडीचाहि संबंध नसलेलीं अनेक कुटुंबें निरनिराळ्या ठिकाणीं निर्माण झालीं. याच मुळापासून निघालेलें ग्रेग हें नांव घेऊन अलेक्झांडर ग्रेग नांवाचा गृहस्थ अठराव्या शतकांत ॲबर्डीनशायरच्या किनाऱ्यावरून नॉर्वेंतील बर्गेन बंदरीं गेला. तेथील लोकांना उच्चार नीट करतां यावा म्हणून त्यानें नांवांतील दोन स्वरांची अदलाबदल केली, आणि हें कुटुंब नॉर्वेंत ग्रीग म्हणून ओळखलें जाऊं लागलें. विख्यात संगीतकार एडवर्ड ग्रीग हा त्याचा पणतू. नांव देशांतर करतें तेव्हां तें कसें वेष पालटतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे. रक्ताचा पुरावा म्हणून मात्र तें पुरेसें नाहीं.

असो. १७७४ मध्यें पार्लमेंटनें बंदी कायमची उठविली. पण आतां दुसरी अडचण उभी राहिली. नायक कोण? पिढ्यान्‌पिढ्या परक्या नांवांखालीं राहिलेलें कुळ एकत्र यावें कसें? अखेर ८२६ मॅक्ग्रेगरांनीं सह्या करून जॉन मरे नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यास आपला नायक मान्य केलें. आडनांव मरे, परंतु मूळ कुळ मॅक्ग्रेगर. हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेंत होता. हिंदुस्थानांत मिळविलेल्या पैशावर त्यानें स्कॉटलंडांत लॅनरिक येथें जमीन घेतली. सनद नसल्यामुळें जें कुळ बुडालें, त्याच्या नायकाच्या हातीं पुन्हां सनद आली ती अशी गंगेच्या कांठावरून.

सामान्य मॅक्ग्रेगरांच्या वांट्याला मात्र हें भाग्य आलें नाहीं. नांव परत मिळालें त्याच सुमारास खोरीं हातचीं जाऊं लागलीं. १७४६ नंतर हायलँड्सची जुनी कुळव्यवस्था मोडली होती. जमीनदारांना आतां लढवय्यांपेक्षां खंडाची व मेंढरांची गरज अधिक वाटूं लागली. त्यामुळें लोक फौजेंत शिरले, ग्लासगोसारख्या शहरांत गेले, किंवा जहाजांत बसले. नोव्हास्कोशिया प्रांतांतील पिक्टू येथें १७८६ मध्यें पर्थशायरचा एक तरुण धर्मोपदेशक पोंचला. त्याचें नांव जेम्स ड्रमंड मॅक्ग्रेगर. मधल्या ड्रमंड शब्दांत बंदीच्या काळाची आठवण शिल्लक होती. रानांतून पायवाटा काढीत तो वसाहतवाल्यांना गेलिक व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत उपदेश करी. १७८८ मध्यें त्यानें, एका धर्मोपदेशकानें काळ्या मुलीला गुलाम म्हणून ठेवल्याचा निषेध करणारें पत्र छापून प्रसिद्ध केलें, आणि पुढें स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतींतून गुलामांच्या मुक्ततेसाठीं पैसे दिले.

परंतु नांव एकच असलें तरी माणसें एकसारखीं नसतात. १७८६ मध्यें जन्मलेला ग्रेगर मॅक्ग्रेगर हा व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्ययुद्धांत सेनापति होता. नंतर त्यानें मध्य अमेरिकेंतील 'पोयाइस' नांवाच्या एका काल्पनिक देशाचा अधिपति म्हणून स्वतःला मिरविलें. लंडनमध्यें त्या देशाच्या नांवानें दोन लाख पौंडांचें कर्ज उभारलें, आणि १८२२-२३ मध्यें सुमारें अडीचशें वसाहतवाले दोन जहाजांतून तिकडे गेले. त्यांना तेथें जंगल व ताप यांखेरीज कांहीं मिळालें नाहीं. निम्म्याहून अधिक मृत्युमुखीं पडले. त्यांत पुष्कळ स्कॉच लोकच होते. आपल्या मुलखांतील प्राचीन नांवावर विश्वास टाकून ते घर सोडून गेले होते.

या आडनांवाची एक वाट आपल्या महाराष्ट्रांतूनहि गेली आहे. जॉन मरे याचा पुत्र इव्हन हा हिंदुस्थानांतील इंग्रज फौजेंत होता व मॅक्ग्रेगर मरे असें जोडनांव लावीत असे. महिदपूरच्या लढाईनंतर, जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहानें, होळकरांनीं खानदेशांतील आपला मुलूख इंग्रजांस दिला. तापीकांठचा थाळनेरचा किल्ला त्यांतच होता. किल्लेदार तुळशीराम मामा यानें मात्र ताबा दिला नाहीं. २७ फेब्रुवारी रोजीं जनरल हिस्लॉपच्या फौजेनें किल्ल्यावर मारा केला. बोलणें चालू असतां कांहीं इंग्रज अधिकारी दिंडी दरवाजानें आंत शिरले, तोंच आंतील अरब शिपायांनीं त्यांवर हल्ला केला. त्यांत कॅप्टन मॅक्ग्रेगर नांवाचा एक अधिकारी ठार झाला, व इव्हन मॅक्ग्रेगर मरे खंजिराच्या वारांनीं घायाळ झाला. त्यानंतर सुमारें तीनशें शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फांशी देण्यांत आलें. तह झाला तो दूर माळव्यांत, कागदावर. किल्ल्यांत बसलेल्या माणसाला तो पटला नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त त्यानें फांसावर भोगलें. ग्लेनॉर्कीच्या खोऱ्यांत ज्यांचे पूर्वज असल्याच कागदापुढें हरले, त्यांचे वंशज थाळनेरास कागदाच्या बाजूनें लढत होते. इतिहास पूर्वजांचीं दुःखें वंशजांस शिकवितोच, असें नाहीं.

इव्हन जखमांतून वांचला. १८२२ मध्यें राजाच्या परवानगीनें या घराण्यानें मॅक्ग्रेगर हें आडनांव पुन्हां धारण केलें. मॅक्ग्रेगर मरे होते, ते मरे मॅक्ग्रेगर झाले. त्याच वर्षीं राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड व तलवार यांची मिरवणूक निघाली, तेव्हां त्या राजचिन्हांच्या रक्षणाचा मान सर इव्हन व त्याच्या मॅक्ग्रेगरांना मिळाला. अलस्टर फांसावर चढला, त्याच शहरांत हें घडलें. सर इव्हन १८४१ मध्यें बार्बेडोस बेटाचा गव्हर्नर असतांना वारला.

यानंतर या नांवांतील दहशत ओसरत गेली. बिअट्रिक्स पॉटर या लेखिकेनें १८९३ मध्यें पर्थशायरमधील डंकेल्ड येथून एका लहान मुलाला सचित्र पत्र लिहिलें. त्यांतून 'पीटर रॅबिट' ही बालकथा जन्मली. तींतील सशामागें धांवणाऱ्या तिरसट माळ्याचें नांव मिस्टर मॅक्ग्रेगर. ज्या नांवाच्या भयानें एके काळीं सबंध प्रांत झोंपत नसे, तें नांव मुलांना झोंपवितांना सांगितलें जाऊं लागलें.

आपल्या काळांत शास्त्रानें या प्रकरणाला एक नवें पान जोडलें आहे. पित्याकडून पुत्राकडे जाणारें वाय नांवाचें गुणसूत्र पिढ्यान्‌पिढ्या फारच थोडें बदलतें. त्याची तुलना करून, आडनांव निराळें असूनहि दोन पुरुषांचा पितृवंश एक आहे कीं नाहीं, हें ताडतां येतें. बंदीच्या काळांत ज्यांनीं नांव बदललें, त्यांच्या वंशजांना त्यामुळें कागद जेथें मुका होतो तेथून पुढें जाण्याची वाट मिळाली आहे. पण या परीक्षेचीहि मर्यादा ओळखावी. ती फक्त बापाची रेघ सांगते. मेरियन कँबेलसारख्या ज्या स्त्रियांनीं तें कुळ वाढविलें, त्यांच्याविषयीं तें गुणसूत्र एक अक्षरहि बोलत नाहीं.

तात्पर्य, आडनांव हें रक्ताचें प्रमाणपत्र नव्हे. तीं माणसें कोणाच्या जमिनीवर राहिलीं, कोणाच्या जामिनकीवर जगलीं, कोणत्या बंदरांतून निघालीं व कोणत्या कारकुनानें त्यांचें नांव कसें लिहिलें, याचा तो संक्षिप्त जमाखर्च आहे. एखादा कँबेल मूळचा मॅक्ग्रेगर असूं शकतो, आणि एखादा ग्रेगरी मॅक्ग्रेगरांचा कोणीहि नसूं शकतो. म्हणून केवळ आडनांव ऐकून माणसाला आपला किंवा परका ठरविणें, हें १६०३ च्या त्या हुकुमाइतकेंच अविचाराचें ठरेल. त्या हुकुमानें तरी दुसरें काय केलें होतें? माणूस पाहण्याचे श्रम टाळले, आणि नांव पाहिलें.